निळ्या काचेखालचा बाक

आमच्या वसईच्या देवळात मारियामातेची रंगीत काचेची खिडकी आहे. सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला तिच्या झग्याचा निळा उजेड तिसऱ्या बाकावर उतरतो आणि हळूहळू बाकावरून सरकत जातो. नवी नवरी असताना मी त्या बाकासाठी सगळ्यांच्या आधी घरातून निघायची. लोकांना वाटायचं, काय भक्ती पोरीची! भक्ती कसली? त्या उजेडात आपण थेट मारियामाता दिसतो, अशी माझी खात्री होती. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर पुण्यवान हसू. एकदा शेजारी बसलेल्या सासूबाई कुजबुजल्या, "अगं, निळी पडलीस! पोटात दुखतंय का?"

काल रविवारी त्याच बाकावर मी आणि माझी नात बसलो होतो. ऑर्गन वाजू लागला, वेदीपाशी धूप चढला. देवळात सगळं वरच जातं, धूप काय, गाणं काय, आमच्या माना काय. छत एवढं उंच बांधलंय ते त्यासाठीच असणार. खाली येतो तो एकटा रंग, आणि कुणाच्या डोक्यावर पडतोय हे तो बघत नाही.

उजेड माझ्या मांडीवर आला, तशी नात कानाशी लागली. "आजी, सरक ना थोडी! माझा फ्रॉक नवा आहे."

मी वळून पाहिलं. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले.

"फादरांचं प्रवचन संपेपर्यंत थांब, बये," मी म्हटलं. "ऊन तुझ्याकडेच निघालंय. आणि माझंही लुगडं आज नवंच आहे."