ओडेल प्रूइटने गायलेलं एकच गाणं

अलाबामातल्या त्या नदीकाठच्या गावात ओडेल प्रूइटसारखा ड्रम वाजवणारा दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका घरी न सापडणाराही. १९७१ च्या मार्चमध्ये सासू वारली तेव्हा तो बँडबरोबर अटलांटात होता. “उद्या सकाळी पोचतोच,” असं फोनवर म्हणाला आणि मातीलाही पोचला नाही. बायको, व्हर्ना, भांडली नाही. बॅग भरून मोबीलला बहिणीकडे निघून गेली.

ओडेलला पत्र काही जमेना. महिनाभर खाडाखोड करून शेवटी कागदावर उतरलं ते गाणं. साधं ब्लूज: पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसरीत मन मोकळं करायचं.

बँडचा गायक ड्वाइट त्या गाण्यावर खूश झाला. शनिवारी सकाळी स्टुडिओत त्याने ते चारदा म्हटलं, सुरेल आणि लाडिक. काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारा हॉलिस म्हणाला, “बाबा रे, तू पोरगी पटवतोयस. हा माणूस माफी मागतोय.”

“माझं लग्न तरी झालंय का माफी मागायला!” ड्वाइट वैतागला. त्याने माइक उचलून ड्रमपाशी नेऊन ठेवला. “ज्याचं त्यानं निस्तरावं. गा, ओडेल.”

“मी? माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी.”

“मग कुरकुरू दे आज.”

ओडेल वाजवता वाजवता गायला. ‘तुझी आई गेली, मी परगावी ताल धरून होतो’ ही ओळ दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा एक ठोका हुकला.

“पुन्हा घेऊ,” तो ओशाळून म्हणाला.

“खबरदार!” हॉलिस म्हणाला. “हेच राहणार.”

पुढच्या आठवड्यात तबकडी काखोटीला मारून ओडेल बसने मोबीलला गेला. दार व्हर्नानेच उघडलं. तिने तबकडी लावली, उभ्यानेच ऐकली.

“मधे चुकलास.”

“फार चुकलो गं.”

“मी ठोक्याचं म्हणतेय.” तिच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं, ते तिने आवरलं. “बैस. चवळी शिजलीय, मक्याची भाकरी होईलच. आईचं सांगायचंय तुला. शेवटचे दोन दिवस तुझीच चौकशी करत होती.”

ओडेल ऐकत राहिला. ताट गार झालं तरी उठला नाही.

त्या दिवशी काही ती बरोबर आली नाही. जूनमध्ये आली. तोवर गाणं आसपासच्या रेडिओंवर वाजू लागलं होतं. ओडेल पुन्हा कधी गायला नाही. पण दौरा ठरवायच्या आधी ड्वाइट व्हर्नाला फोन करू लागला, आणि ती निम्म्या तारखा बेधडक खोडून टाकायची.