लाल दिसणारं तळं

ओदेलु आमच्या हैदराबादच्या कचेरीत उपग्रहाची चित्रं वाचायचा. मी खाली हिशेब विभागात, तो वरच्या मजल्यावर. दुपारचा डबा मात्र आम्ही एकत्र खायचो. त्या चित्रांत हिरवळ लाल दिसते आणि पाणी काळं. उमेदीची सगळी वर्षं त्याने हे लाल-काळं निवडण्यात घालवली होती आणि कधी कुरकुर केली नव्हती. मग तळ्यांचा नवा नकाशा करायला घेतला आणि त्याच्या तोंडची चव गेली.

सिद्दिपेटकडच्या त्याच्या गावचं तळं चित्रात लालभडक आलं होतं. पाण्यावर जलपर्णी माजली होती, त्यामुळे ते भाताचं शेत वाटत होतं. नकाशात तळं नसेल तर तिथे प्लॉट पडणार हे उघड होतं. दलाल जागा पाहूनही गेले होते.

"मॅडम, त्या तळ्यात मी पोहायला शिकलो," तो त्याच्या विभागप्रमुख सुगुणा मॅडमना म्हणाला.

"ओदेलुगारू, जो तो आपल्या गावचं सांगायला लागला तर उपग्रह कशाला सोडायचे? प्रत्यक्ष पाहणीची गावं ठरून गेली. चित्रात पाणी दाखवा, मी तळं दाखवते."

त्याने सरपंचाला फोन लावला. सरपंच लच्चय्या त्याचा सख्खा मामा.

"मामा, बतुकम्मासाठी घाटापुरती जलपर्णी काढता ना? यंदा सगळं तळं मोकळं करा. सणानंतरच्या मंगळवारी सकाळी उपग्रह वरून जाणार. त्यानंतर नकाशा छापायलाच जाईल."

"वरून फोटो निघणार म्हण की. एवढं रडवेलं होऊन काय सांगतोस, भाच्या?"

गाव कंबरभर पाण्यात उतरलं. सणाला बायकांनी मोकळ्या पाण्यात फुलं सोडली. ओदेलु रोज खिडकीतून ढग बघायचा. मंगळवारी आभाळ लख्ख होतं. त्या दिवशी त्याने आम्हाला घरची सर्वपिंडी, तांदळाच्या पिठाचं खमंग थालीपीठ, खाऊ घातली.

चित्र आलं. अर्धं तळं काळंभोर, उरलेल्या अर्ध्यावर पांढरा पट्टा. बाकी तालुक्यावर ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"मामा, मंगळवारी काय केलंत?"

"काय करणार? फोटो निघायचा म्हणून आवराआवर केली. जलपर्णीचे ढीग काठावर कुजत पडले होते, बरं दिसेना. सकाळीच पेटवून दिले. ओले होते, धूर अंमळ जास्त झाला. का रे, आम्ही दिसलो का?"

"धूर दिसला, मामा."

मॅडमनी शब्द पाळला. दिसलं तेवढं तळं छापलं.

पश्चिमेकडच्या अर्ध्यात आता भराव पडून प्लॉटचे दगड रोवलेत. ओदेलु सणाला जातो तेव्हा मामा त्याला उरलेल्या काठावर घेऊन जातो आणि वर बघत विचारतो, "पुन्हा कधी यायचाय रे तो?"

"येतच असतो, मामा," ओदेलु म्हणतो. "नकाशा पुन्हा छापत नाहीत."