गुरुवारची पाळी

दिवाकरभाऊंची पाठ वाकली ती म्हातारपणाने नव्हे, पानवेलींनी. पापडीच्या वाडीत पन्नास वर्षं त्यांनी वेली बांधल्या, उतरवल्या, मुळाशी माती सारली, आणि पानवेलीचं काम काही ताठ उभ्याने होत नाही. लग्नाकार्यात फोटोसाठी उभे राहिले तरी पायाशी पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखे दिसायचे. त्यांच्या पत्नी मथुराकाकू म्हणायच्या, ह्यांना देवासमोर वेगळं वाकावं लागत नाही. अशा माणसाने ताठ उभं राहून चालवायच्या गाडीवर चढावं, म्हणजे कमालच. पण होळीनंतरच्या त्या रविवारी ते चढले, आणि का चढले ते ऐकल्यावर कुणी हसणार नाही.

त्यांचा धाकटा भाऊ रामचंद्र आजारी होता. मूत्रपिंडं थकली होती, आठवड्यातून दोनदा इस्पितळात जाऊन रक्त गाळून घ्यावं लागत होतं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. आठ वर्षं त्याने थोरल्या भावाशी शब्द बोललेला नव्हता. आता अंथरुणावरून तो बायकोला, मंदाला, रोज एकच विचारायचा : बावखलात पाणी आहे का?

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. विहिरीसारखं खोल नाही, तलावासारखं मोठं नाही. पोटात झरा असतो, आणि वसईच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगल्या. ह्या भावांच्या बावखलाला ईशान्य कोपऱ्यात, जांभळाखाली, झऱ्याचा डोळा होता. तिथे पाय घातला की भर वैशाखात घोटा बधिर व्हायचा. लहानपणी दोघे तिथे पाय बुडवून बसायचे आणि जो आधी पाय काढेल तो हरायचा. रामचंद्र कधी हरला नाही.

वडिलांनी वाटणी केली तेव्हा बावखल दिवाकरभाऊंच्या तुकड्यात आलं. पाणी मात्र दोघांचं. रविवार ते बुधवार थोरल्याची पाळी, गुरुवार ते शनिवार धाकट्याची. एकाच्या पाळीत दुसऱ्याने घागरभरसुद्धा उचलायचं नाही. एका उन्हाळ्यात रामचंद्राचा पंप जळाला आणि त्याची अख्खी पाळी कोरडी गेली. रविवार उजाडला तेव्हा पंप दुरुस्त होऊन आला होता आणि वेली मान टाकून होत्या. दिवाकरभाऊ स्वतः जाऊन म्हणाले, घे माझ्या पाळीतलं. त्याने घेतलं नाही. गुरुवारी पहाटे, उजाडायच्या आत, त्याने पंप सुरू केला. निम्म्या वेली तोवर गेल्या होत्या. असा तो माणूस.

ही पाळी कुठल्याही कागदावर नव्हती. सातबाऱ्यावर दिवाकरभाऊंचं नाव होतं, बस्स. आजूबाजूच्या वाड्या एकेक करून गेल्या, मुलगा परदेशी स्थायिक झाला, गुडघे बोलू लागले, तेव्हा त्यांनी आपला तुकडा गार्डन सिटी बांधणाऱ्यांना दिला. बावखल आहे तसं राखू, असं त्या लोकांनी तोंडाने सांगितलं. दिवाकरभाऊंनी तोंडाच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यांच्या घरात तेच चालत आलं होतं. सही केली, नायगावच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला गेले, आणि पाठोपाठ तुकड्याभोवती कुंपण उभं राहिलं. रामचंद्राचा पंप कुंपणाबाहेर राहिला. पानवेलीला पंधरा दिवस पाणी नसलं की संपलं. एका उन्हाळ्यात त्याची पानवाडी वाळली. तो भांडला नाही, कोर्टात गेला नाही, फक्त बोलायचा थांबला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं दिवाकरभाऊंना आठ वर्षं वाटत होतं.

मंदाने फोन केला तो ह्यासाठी. भावोजी, तुम्ही एकदा येऊन सांगा, ती म्हणाली. आहे पाणी, एवढंच सांगा. असो नसो, आहे म्हणा. त्यांना बरं वाटेल.

दिवाकरभाऊंनी एकदाही तिथे जाऊन पाहिलेलं नव्हतं. हिंमत झाली नव्हती. पण न बघता सांगायचं त्यांना जमेना. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, मात्र रविवारी घर घेऊ बघणाऱ्यांसाठी दोन चाकांच्या गाड्यांवरून फेरी असते, असं मुलीकडच्या नातवाने, केयूरने, शोधून काढलं आणि आजोबांचं नाव गिऱ्हाईक म्हणून टाकून दिलं. बहात्तर वर्षांचं गिऱ्हाईक, फ्लॅट हवा चार खोल्यांचा.

फेरी नेणाऱ्या मुलीचं नाव इशिता. बोलायला गोड. तिने त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि गाडी समजावून सांगितली. पायाखाली फळी, दोन बाजूंना दोन चाकं, समोर धरायला दांडा. ब्रेक नाही, काही नाही. पुढे झुकलं की ती पुढे जाते, ताठ झालं की थांबते.

इथेच सगळं अडलं. दिवाकरभाऊ फळीवर चढले आणि गाडी निघाली. इशिता म्हणाली, काका, सरळ व्हा. ते म्हणाले, मी सरळच आहे. गाडी त्यांच्या पाठीचं ऐकत होती आणि पाठ पन्नास वर्षांपूर्वीच पुढे निघालेली होती. रखवालदाराने धावत जाऊन दांडा धरला. बरोबरच्या मीरा रोडच्या जोडप्याने तोंडं फिरवून हसून घेतलं. शेवटी इशिताने त्यांची गाडी सगळ्यात हळू चालीवर लावली, आपली गाडी खेटून घेतली आणि एक हात त्यांच्या दांड्यावर ठेवून ती त्यांना नेऊ लागली. पोर समजूतदार होती. वैतागली नाही.

रस्ते रुंद, स्वच्छ. दोन्ही बाजूंना आखून लावलेली झाडं, प्रत्येकाला नावाची पाटी. फळ एकालाही नाही, कारण फळं पडली की फरशी खराब होते, असं इशिता म्हणाली. एका वाफ्यात शोभेच्या केळी होत्या. एकीचा गाभा सडत आलेला दिवाकरभाऊंना दिसला. मुळाशी बघावं म्हणून ते सवयीने वाकले, आणि गाडी त्यांना घेऊन थेट वाफ्यात शिरली. वाडीवाल्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कोण करणार? दोन केळी आडव्या झाल्या. त्यांनी उतरून त्या उभ्या केल्या, बुंध्याशी माती दाबली आणि सडलेलीला उपटून बाजूला ठेवलं, शेजारणीला लागू नये म्हणून. माफी मागायचं राहूनच गेलं.

पुढे इशिता सगळ्यांना सांगत होती की गार्डन सिटी होण्याआधी इथे काहीच नव्हतं, नुसतं रान होतं. दिवाकरभाऊंनी दांडा घट्ट धरला. तिला काय माहीत? तिला जे पाठ करायला दिलं ते ती बोलत होती. पण छातीत लागलं ते लागलंच. ह्या रानातून त्यांच्या आईने पाटीभर पानं डोक्यावर घेऊन बाजार गाठले होते.

मग तळं आलं. मधोमध कारंजं, काठाला दगडी कट्टा, आणि पाटी : जतन केलेलं पारंपरिक बावखल. पाणी निळं होतं. ज्याने एकदा बावखल पाहिलंय त्याला सांगायला नको की त्याचं पाणी निळं नसतं. तरी दिवाकरभाऊ गाडीवरून उतरले, चप्पल काढली, कट्ट्यावर बसले आणि पाय आत सोडला.

पाणी कोमट होतं. तळाला चिखल नव्हता. टाच गुळगुळीत कशावरून तरी सरकली. प्लास्टिकचा कागद होता तो, काठापासून काठापर्यंत अंथरलेला. रखवालदाराची शिट्टी वाजली. इशिता लगबगीने आली तेव्हा त्यांनी तिला एवढंच विचारलं, की ह्यात पाणी कुठून येतं. ती म्हणाली, टँकरने. फेब्रुवारीपासून दर दोन दिवसांनी.

त्यांनी पाय बाहेर काढला. सांगायला शब्द मिळाला होता, आणि तो शब्द ‘नाही’ होता. आपण सही केली तेव्हा ह्या पाण्याला कुणी विचारलं नाही, भावाला कुणी विचारलं नाही, आणि न विचारणारा पहिला माणूस मी, असं त्यांच्या मनात आलं. डोळे पुसायला हात वर नेला तर तो हेल्मेटच्या काचेला लागला.

परतीची वाट क्लब हाऊसच्या उतारावरून होती. तिथे पोचताना दिवाकरभाऊंनी मान उचलून उजवीकडे बघितलं. इमारतींच्या फटीतून पापडीच्या चर्चचा क्रूस दिसत होता, आणि तो बरोब्बर जुन्या पिंपळाच्या शेंड्यावर टेकलेला. ही खूण त्यांना डोळे मिटूनही आली असती. जांभळाखाली पाय बुडवून बसलं की क्रूस असाच पिंपळावर दिसायचा. म्हणजे ते तळं वेगळीकडेच खणलेलं होतं. खरं बावखल इथे होतं, ह्या उताराखाली.

तेवढ्यात इशिताने सांगितलं, काका, इथे जपून, फरशी ओली आहे. इथे लीकेज आहे. तीनदा वॉटरप्रूफिंग केलं, तरी परत येतंय, कुठून येतंय तेच सापडत नाही.

उताराच्या कडेला फरश्या उचकटल्या होत्या. फटीतून रानअळूची चार पानं वर आली होती, आणि त्यांच्या बुडाशी पाणी हलत होतं. दिवाकरभाऊ उतरले. ह्या खेपेला वाकायला त्यांना काहीच करावं लागलं नाही. त्यांनी फटीत बोटं घातली. उन्हाने फरशी तापलेली होती आणि बोटं मात्र गारठत चालली होती. ते तिथेच गुडघ्यांवर बसले. आठ वर्षं छातीवर घेतलेलं ओझं उतरलं नव्हतं, पण खाली कुठेतरी पाणी जिवंत होतं.

त्यांनी पिशवीतली बाटली काढली, आतलं पाणी ओतून दिलं, आणि फटीला तोंड लावून धरली. भरायला दहा मिनिटं लागली. इशिता म्हणाली, काका, गटाराचं असेल ते.

“नाय बाय,” ते म्हणाले. “ते माझ्या भावाचं पानी हाय.”

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, बाटली भरेपर्यंत. तिने मीरा रोडच्या जोडप्याला पुढे जायला सांगितलं आणि ऐकत उभी राहिली. रान होतं हे वाक्य पुढच्या फेरीत ती बोलली की नाही, ते माहीत नाही.

भावाचं घर वाडीपासून दूर, पापडीच्या दुसऱ्या टोकाला होतं; रिक्षाने तिकडे जाताना बाटली त्यांच्या मांडीवर होती. ती नुसती पुढे केली असती तरी काम झालं असतं. हे बघ पाणी, बावखल आहे तसं आहे. मंदाने तेच मागितलं होतं. खोटंही नव्हतं पुरतं.

रामचंद्र ओटीवर खाटेवर पडलेला होता. फार वाळला होता. अंगणात, मोरीच्या कडेला, एका बांबूवर एकच पानवेल चढवलेली होती, जुन्या वाडीतली. मंदाने ती नळाच्या पाण्यावर जगवली होती. दिवाकरभाऊंनी खाटेच्या कडेला बसून बाटली त्याच्या हातात दिली. त्याने टोपण काढलं, तळहातावर थोडं ओतून घेतलं. गारवा रिक्षात बराचसा गेला होता. तरी त्याने ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मंदा दारातून दिवाकरभाऊंकडे बघत होती. आता आहे म्हणा, असं तिच्या डोळ्यांत होतं.

“बावखल नाय रे राहिलं,” दिवाकरभाऊ म्हणाले. “बुजवलं. वर उतार बांधला. बाजूला खोटं तळं केलंय, प्लास्टिकचं. पन डोळा मेला नाय. फरशी फोडून वर आलाय. ते त्याला लीकेज म्हनतात.” मग म्हणाले, “तुझी पाळी मी विकली, रामा. कागदावर नव्हती म्हनून विकली.”

मंदा तोंडाला पदर लावून आत गेली. रामचंद्र बोलेल असं दिवाकरभाऊंना वाटलंच नव्हतं. खरं सांगून झालं होतं, आता उठावं, म्हणून त्यांनी खाटेच्या कडेवर हात टेकला. तेव्हा रामचंद्राने टोपण लावलं, घट्ट फिरवलं, आणि बाटली परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

“आज रविवार,” तो म्हणाला. आठ वर्षांनंतरचा पहिला शब्द. “आज तुझी पाळी, दादा. माझं गुरुवारी आन.”

गुरुवारी फेरी नसते, हे दिवाकरभाऊंना ठाऊक होतं. फाटकातून आत कसं जायचं, ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, आनतो.

गुरुवारी सकाळी सातला ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. इशिताने रखवालदाराला काय सांगून ठेवलं होतं कुणास ठाऊक. त्याने वहीत नाव लिहून घेतलं आणि कामाच्या रकान्यात लिहिलं : पाणी. ते चालत आत गेले आणि बाटली भरून भावाच्या घरी आले. रामचंद्राने मंदाच्या खांद्याचा आधार घेऊन अंगणापर्यंत जाऊन ती स्वतः वेलीच्या मुळाशी ओतली. पुढे त्याला उठवेना, तेव्हा खाट अंगणात आणली. मग तेही जमेना, तेव्हा तो नुसता बाटलीला हात लावायचा आणि दिवाकरभाऊ ओतायचे. त्यांना कुणी खाली बघून ओता म्हणायची गरज नव्हती.

रामचंद्र त्यानंतर अकरा गुरुवार जगला. एकही पाळी चुकली नाही.

बाराव्या गुरुवारी दिवाकरभाऊ फाटकावर सही करून आत गेले, बाटली भरली आणि वेळेवर भावाच्या घरी आले. ओटीवरची खाट उचललेली होती. मंदाने त्यांच्या हातातून बाटली घेतली, अंगणात गेली आणि सगळं पाणी वेलीला घातलं.