येलदरीची होडी आणि मामीचा अंगठा

परभणी जिल्ह्यात शिडाची होडी दुरुस्त करायला चाललोय असं सांगितलं, तर ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. पण खरंच गेलो होतो. पुण्याजवळच्या धरणांवर ज्या होड्या फिरतात, त्यांची वायरिंग, पंप, सुकाणू असली कामं मी करतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक क्लब बंद पडला आणि तिथली अठरा फुटी जुनी होडी माझ्या मामानं उचलली. फायबरची, पुढे दोन माणसं आडवी होतील एवढी खोली, वर एक डोलकाठी. ट्रॉलीवर टाकून ती त्यानं थेट येलदरीला नेली. तीस वर्षं तो तिथल्या वीजघरात नोकरीला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की जन्मभर या पाण्यावर वीज केली, पण या पाण्यावर कधी बसलो नाही.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला आणि आवाज पडलेला होता. होडीत पाणी येत होतं. एकदा तर भर धरणात अर्धी भरली आणि मासे धरणाऱ्या भोयांनी ओढून काठाला आणली. मामी तीन तास काठावर उभी होती. तेव्हापासून तिनं ठरवलं, की ही बला घरातून घालवायची. देवगाव फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्याला होडी दारात मांडायला हवी होती, म्हणजे पोरं आत बसून भजी खातील आणि लोक फोटो काढतील. मामीनं त्याला रविवारचा शब्द देऊन टाकला. मामानं कशीबशी एक सवलत मिळवली: रविवारी होडी पलीकडच्या काठाला जाऊन कोरडी परत आली, तर राहील. मी शुक्रवारपासून दुकान बंद ठेवलं.

जायचं असेल तर पुण्याहून जिंतूरची रात्रीची गाडी धरा, सकाळी पोचता. जालना सोडलं की मंठा, मग देवगाव फाटा, मग जिंतूर. रस्ता आता बरा आहे, मधले काही तुकडे कंबरेची परीक्षा घेतात. माझ्या मांडीवर नवा पंप, पाईपचं भेंडोळं आणि वायरचा गुंडाळा होता. शेजारच्या काकांनी फाट्यापासूनच चौकशी सुरू केली, किती फुटांवर पाणी लागलं म्हणून. बोअर नाही, होडी आहे म्हटल्यावर ते जिंतूरपर्यंत गप्प बसले. जिंतुरात स्टँडबाहेर पोहे आणि चहा चाळीस रुपयांत झाला. तिथून येलदरीला जीप मिळते, ती भरेपर्यंत मात्र सुटत नाही. हाताशी वेळ असेल तर नेमगिरीची लेणी बघून घ्या. मला नव्हता.

हिवाळ्यात धरण तुडुंब असतं. डोळे निवतात, दुसरं काय सांगू? समोरच्या काठावरची झाडं काडीएवढी दिसतात आणि मधे नुसतं पाणी. मामा काठावरच भेटला आणि आधी वाकून माझ्या पाया पडला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पासष्ट वर्षांचा माणूस पाया पडला की मला अजून कानकोंडं होतं.

होडी ट्रॉलीवर होती. मामानं सगळं उघडून दाखवलं आणि त्याच्या हातचं काम बघून मला कौतुकच वाटलं. वायरींना एकेक चिठ्ठी बांधलेली, बॅटरीच्या टोकांना ग्रीस, सुकाणूच्या कड्या बदललेल्या. आतलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा पाईप पूर्वी वर कठड्यापर्यंत चढत होता. तो मामानं कापून आखूड केला होता आणि बाजूला खाली नवीन भोक पाडलं होतं. पाणी वर चढवायचं म्हणजे मोटरीला उगाच लोड, जेवढं कमी चढवू तेवढं जास्त फेकते, असं त्याचं म्हणणं. विहिरीवर मोटर बसवणारा कुणीही हेच सांगेल. भोक पाण्याच्या रेषेपासून चार बोटं वर होतं. मी मान डोलावली. ही मान पुढे मला फार महागात पडणार होती.

शनिवारी सकाळपासून मी लागलो. तळ हातानं चाचपला, मधून खाली पाण्यात सोडतात त्या पात्याची पेटी तपासली, सुकाणूच्या बोल्टांना रबर लावलं, जुना पंप काढून नवा बसवला, पाईप होता तसाच जोडला. दुपारी होडी पाण्यात सोडली आणि मी चढलो. मामा मागोमाग पाय टाकणार, तेवढ्यात काठावरून मामीचा आवाज आला. मामा-भाच्यानं एका नावेत बसायचं नसतं, आत्ताच्या आत्ता उतरा. मामा उतरला. वीजघरात तीस वर्षं काढलेला माणूस, पण या बाबतीत चकार शब्द काढत नाही. मीही कसला शूर, मलाही लहानपणापासून तेच सांगितलेलं.

मग एकटाच तासभर फिरलो. दोन बादल्या पाणी मुद्दाम आत ओतलं, पंप लावला, पाणी गेलं. तळ कोरडा ठणठणीत. काठावर येऊन मी छाती काढून सांगितलं, की झालं काम. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच तो आणि त्याचा भोई मित्र शंकरभाऊ निघाले. नांगर ओढताना बादलीभर पाणी आत आलं, मामानं ऐटीत पंप लावला आणि बंद केला. अर्ध्या तासात दोघं वल्ही मारत परत आले. आत घोट्यापर्यंत पाणी होतं.

मामा परत परत एकच सांगत होता, पंपानं काढलं की पुन्हा येतं. मी त्याला जरा तोडूनच बोललो. पंप पाणी काढतो मामा, आणत नाही, असं म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते. शंकरभाऊनं शांतपणे जाहीर केलं, की यापुढे तो सोबत येईल, पण स्वतःच्या होडीतून. मामीनं ताटं वाढायला घेतली. जेवायला रोहूचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता, असा रस्सा मी कुठल्याही हॉटेलात खाल्लेला नाही. मामानं मात्र चतकोर भाकरी कशीबशी खाल्ली आणि हात धुतला. रविवारी होडी जाणार हे त्यानं मनात धरलं होतं.

रविवारी सकाळी चहा पिताना माझ्या डोक्यात उजेड पडला, निदान अर्धा. मी एकटा असलो की कोरडी, दोघं बसले की ओली. म्हणजे वजनाचं काहीतरी होतं. मला आतून बघायचं होतं आणि त्यासाठी दुसरं माणूस हवं होतं. मामा चालत नाही. शंकरभाऊ येत नाही. मी अंगणात उभा राहून हे सगळं मोठ्यानं म्हणत होतो. मामीनं भाकरीची परात खाली ठेवली.

"चल, मी येते. पर काठ सोडायचा न्हाई."

होडी आल्यापासून मामीनं तिला हातही लावला नव्हता.

गुडघ्याएवढ्या पाण्यात आम्ही दोघं बसलो. मामी बसायच्या आडव्या फळीवर, दोन्ही हातांनी कठडा धरून. मी बादलीभर पाणी ओतलं, पंप लावला, तळ कोरडा झाला, पंप बंद केला. मग तळाला ओणवा होऊन फटी शोधायला लागलो. मामी मात्र पाईपाकडे बघत होती. पाईप पंपापासून निघून फळीच्या कडेवरून किंचित वर जात होता आणि पलीकडे भोकात उतरत होता. दोघांच्या वजनानं होडी त्या बाजूला कलून ते भोक दोन बोटं पाण्याखाली गेलं होतं.

"आरं, हा तर चारीवरचा पाईप हाय," मामी म्हणाली. "पाणी आत यायलंय बघ त्यातनं."

मामीचं माहेर सोनपेठकडचं, कालव्याकाठचं; चारी म्हणजे कालव्यातून शेतात पाणी नेणारा छोटा पाट. कालव्यावर पहारा ठेवणारा पाटकरी जेवायला गेला की हे लोक पाईप पाण्यानं भरायचे, दोन्ही तोंडं तळहातानं दाबायचे आणि कालव्याच्या भरावावरून शेतात टाकायचे. हात काढला की पाणी आपोआप चढून उतरायला लागतं. मोटर नको, वीज नको. मामी लहानपणी एक तोंड धरून बसायची. इथं पंप पाईप भरून देत होता, आणि बंद झाला की सगळं धरण त्याच पाईपानं सावकाश आत येत होतं.

मला पटेना असं वाटून तिनं पंपावरचा पाईप उपटला. त्यातून धार लागली. तिनं तोंडावर अंगठा दाबला, धार थांबली. अंगठा काढला, पुन्हा लागली.

"तुज्या मामानं लय डोकं लावून धरणाला चारी जोडली होडीत," ती म्हणाली आणि इतकी हसली की होडी हलायला लागली. मी वीस वर्षांत शंभर होड्या उघडल्या असतील. त्या क्षणी कुठं तोंड लपवू असं झालं. काठावर मामा कपाळाला हात लावून मटकन खाली बसला.

काम तासाभराचं निघालं. होडी बाहेर ओढून खालचं भोक आतून-बाहेरून बुजवलं. मी आणलेला लांब पाईप वर कठड्याखालपर्यंत चढवला आणि जुन्या, मूळच्या भोकाला जोडला. होडी बांधणाऱ्याला अक्कल होती, ती आम्ही दोघांनी मिळून कापून टाकली होती. लोड येतो तर येऊ दे, असं मामा स्वतःच म्हणाला.

दुपारी हॉटेलवाला ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन हजर झाला. आता मामाबरोबर कोण जाणार हा प्रश्न होता. मामीनं जीवरक्षक जाकीट साडीवरून चढवलं, घरातला जुना पेपर आणून होडीच्या तळावर नीट पसरला आणि त्यावर पाय ठेवून बसली. शीड वर गेलं. शंकरभाऊ मागे आपल्या होडीत. मी आणि हॉटेलवाला काठावर शेंगा फोडत बसलो. शीड लहान होत गेलं तसा मला खरंच घाम फुटला. हॉटेलवाला चांगला माणूस, त्यालाही मधेच वाटायला लागलं की पोचावी बुवा. पलीकडे शीड थांबलं, वळलं आणि हळूहळू मोठं व्हायला लागलं.

मामी उतरली, खाली वाकली आणि पेपर उचलला. उलटून पालटून बघितला. हॉटेलवाल्यासमोर धरला. कोरडा होता.

"न्हाई द्यायची," ती म्हणाली. "चहा घेऊन जावा."

परतताना गाडी देवगाव फाट्यावर थांबली. त्या हॉटेलसमोर होडीसाठी बांधलेला सिमेंटचा ओटा रिकामाच होता, त्यावर बसून चहा प्यायलो. मालकानं ओळखलं आणि भजी जास्त वाढली.

पुण्याला पोचून डबा उघडला, तर मामीनं भाकऱ्या त्याच पेपरात बांधल्या होत्या. ठेच्याच्या तेलाचा एक डाग पडलाय, बाकी पाण्याचा थेंब नाही. तो मी दुकानात पंपांच्या फळीवर चिकटवून ठेवलाय. गिऱ्हाईक काही सांगायला लागलं, कितीही येड्यासारखं असलं, तरी त्याकडे बघून पूर्ण ऐकून घेतो.

त्या होडीत मी आणि मामा एकत्र कधीच बसणार नाही, याची थोडी चुटपुट आहे. पण परवा मामाचा फोन आला, आवाज चांगला खणखणीत. तक्रार होती. रोज संध्याकाळी दोघं फिरायला जातात, आणि मामी सुकाणू हातातून सोडत नाही.