उषाची नाणी आणि मधुभाऊजींचा शब्द

उषा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीचे विंटर टायर बदलून घ्यायला गॅरेजमध्ये बसले होते. मृणाल, तिची मुलगी, पलीकडून एवढंच म्हणाली, "मावशी, शी इज गॉन." मी नुसतं "हो" म्हटलं. गॅरेजवाला माझ्या नावाचा चुकीचा उच्चार करत हाका मारत होता. मी उठले, पैसे दिले, किल्ली घेतली, आणि घरी न जाता उषाच्या घरासमोर जाऊन गाडीतच बसून राहिले. याला आता दीड महिना होईल. रडू म्हणावं तसं आलं नाही. दमणूक मात्र आली, आणि ती अजून उतरलेली नाही. आमच्या वयाला माणसं जायला लागतात हे ठाऊक असतं, पण प्रत्येक जाणारं माणूस आपल्यातली थोडी ताकद बरोबर नेतं, हे कुणी सांगत नाही.

इथे परदेशात, रिचमंड हिलमध्ये, आमची दोघींची घरं एकाच रस्त्यावर. ती नागपूरची, मी पुण्याची. हॉस्पिटलच्या फार्मसीत तिनं निवृत्तीपर्यंत नोकरी केली, इंग्रजी अगदी स्वच्छ बोलायची, पण मराठी बोलताना तिचं नागपूर कधी सुटलं नाही. "काय करून राहिली, नंदा?" हा तिचा फोन उचलल्यावरचा पहिला प्रश्न. तिचे यजमान मधुकरराव, माझे मधुभाऊजी, वीजकेंद्रात इंजिनिअर. शांत, कमी बोलणारे, घरात आवाज चढलाच तर तो उषाचा. आणि तो बहुतेक वेळा नाण्यांवरून चढायचा.

मधुभाऊजींना एकच छंद होता. सरकारी टांकसाळीतून निघणारी चांदीची नाणी ते पोस्टानं मागवत. काहींवर वीस डॉलर लिहिलेलं, पण जास्त करून शंभराचीच. एका बाजूला राजघराण्यातला चेहरा, दुसऱ्या बाजूला कधी अस्वल, कधी लांडगा, कधी बर्फातला हरणांचा कळप. उषाला ते पटायचं नाही. घरात लेकीची फी भरायची असताना हा माणूस अस्वलं कसली घेतो, असं तिचं म्हणणं. त्यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं. मी ते जेवणाच्या टेबलावर किती वेळा ऐकलं असेल... "अगं, शंभर देऊन शंभराचंच नाणं येतं. बँकेत दिलं की शंभर परत. वर चांदी घरात राहिली. तोटा कुठे आहे?" आणि उषा पोळी वाढता वाढता म्हणायची, "कोणती बँक घेते, बघूच न!" पण बघायला दोघांपैकी कुणीच गेलं नाही. ते भांडण त्यांच्या संसारात एखाद्या जुन्या सोफ्यासारखं पडून होतं. त्याचा कुणाला त्रासही नव्हता.

भाऊजी झोपेतच गेले. त्यानंतर दोन वर्षांनी उषाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, आणि तिनं त्याच आठवड्यात घर आवरायला काढलं. कपडे, भांडी, मासिकं, मृणालच्या शाळेतले प्रोजेक्ट... एकेक गोष्ट बाहेर जाऊ लागली. मृणाल कॅलगरीला असते, एकटीच, नोकरी दगदगीची. "त्या पोरीनं माझ्यामागे पंधरा दिवस इथे खोकी उचलत बसायचं का?" उषा म्हणायची. शेवटी बेडरूमच्या कपाटातली नाणी उरली. मृणाल फोनवर म्हणाली, "आई, जस्ट लेट इट गो. आय विल डील विथ इट लेटर."

"लेटर म्हणजे कधी? मी मेल्यावरच न?" उषानं विचारलं. आणि ती नाणी बँकेत भरून टाकायचं ठरवलं.

गाडी चालवायला तिला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून मी तिला घेऊन निघाले. वाटलं होतं, एका सकाळचं काम. आमच्या जवळच्या शाखेत काउंटरवरच्या माणसानं नाणं उलटंपालटं केलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅम, हे कलेक्टिबल आहे. आम्ही डिपॉझिट करू शकत नाही." उषानं नाण्यावरचा आकडा त्याला बोटानं दाखवला. तो अदबीनं हसला आणि नाणी विकत घेणाऱ्या एका दुकानाचा पत्ता देऊ लागला. तरी तिनं ते दुकानही पाहिलं. दुकानदारानं नाणी तराजूवर टाकली आणि लिहिलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी भाव सांगितला. उषानं सगळी नाणी पुन्हा पिशवीत भरली. मग आणखी दोन शाखा झाल्या. एका ठिकाणी टांकसाळीलाच पाठवा म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी मॅनेजर सुट्टीवर. प्रत्येक वेळी तीच रांग, तोच खुलासा, तेच "सॉरी". परतताना ती गाडीची काच खाली करून तोंडावर वारा घ्यायची, कारण औषधांनी तिला मळमळायचं.

मी तिला म्हटलं, "मीच घेते ती नाणी. तुला पूर्ण पैसे देते."

"म्हणजे मग तुझ्यामागे तुझ्या पोरांनी बँका फिराव्या, असं का?" ती म्हणाली.

नॉर्थ यॉर्कच्या शाखेची आठवण तिलाच झाली. या देशात आल्यावर ती दोघं तिथल्या एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायची आणि त्यांचं पहिलं खातं त्या शाखेत होतं. गेलो. काउंटरवर नसरीन नावाची पन्नाशीची बाई होती, मूळची हैदराबादेकडची. तिनंही असं नाणं कधी घेतलं नव्हतं. पण ती नाही म्हणाली नाही. तिनं उषाला खुर्चीवर बसवलं, दोन-तीन फोन लावले, मॅनेजरशी बोलून आली. उषाकडे निरखून पाहत म्हणाली, "आंटी, लेंगे तो सही. मगर एक बार में एक ही सिक्का, मैनेजर साहब ने यही कहा है." मग कात्रीनं प्लास्टिकचं पाकीट कापलं, नाणं बाहेर काढलं आणि पावती दिली.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी गाडी सुरू केली तरी उषानं पट्टा लावला नव्हता. पावती हातात तशीच.

"शंभर दिले, नंदा. पूर्ण शंभर."

"बरं झालं ना मग."

"हा माणूस खरं बोलत होता..." ती म्हणाली, आणि पावतीवरचा आकडा पुन्हा वाचला. "इतकी वर्षं सांगून राहिला होता. एकदा त्याच्यासंगं आले असते इथे. फार तर एक दुपार गेली असती. किती खूश झाला असता न तो."

मी तिच्या अंगावरून हात पुढे नेऊन तिचा पट्टा लावला. मला वाटलं होतं, आता तिचं समाधान झालं, बाकीची राहू देईल. पण घराशी उतरताना तिनं विचारलं, "मग मंगळवारी येतेस?"

मग हिवाळाभर आमचे मंगळवार तसे गेले. एका खेपेला एक नाणं. तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी आली, मग हातात काठी आली. माझं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं, सकाळी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ फावड्यानं काढायचा, गाडीवरचा खरवडायचा, तिला आणायचं, रांगेत उभं राहायचं, परत सोडायचं. कित्येकदा वाटे, आज फोन करून सांगावं, नाही जमत. ती पण दमलेली असायची. लोक म्हणतात अशा दिवसांत माणसं मनमोकळं बोलतात. आम्ही रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल बोललो, साखरेच्या गोळ्यांबद्दल बोललो, नव्या कॉन्डोच्या इमारतींनी ऊन कसं अडवलंय याबद्दल बोललो. पण नसरीन पाकिटाला कात्री लावायची तेव्हा उषा दर वेळी थोडी पुढे वाकून बघायची, आणि नाण्यावर काय आहे ते मला सांगायची. "आज लांडगा." "आज मूस, ते मोठ्या शिंगांचं हरीण." जणू भाऊजींच्या खरेदीकडे ती पहिल्यांदाच नीट बघत होती.

पैसे खात्यात साठत गेले तशी ती मृणालला म्हणाली, त्यातून विमानाची तिकिटं काढ. मृणालनं आढेवेढे घेतले, माझ्याकडे आहेत पैसे म्हणाली. "तुझे नको. हे बाबांनी पाठवलेत असं समज," उषा म्हणाली. आणि त्या हिवाळ्यात मृणाल, जी एरवी वर्षातून एकदा यायची, ती जवळजवळ दर महिन्याला आली. आईच्या शेजारी झोपली, तिच्याकडून वरण-फळं शिकली, इंग्रजीतच का होईना पण तिच्याशी भांडली. आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या नाण्यांचा याहून चांगला उपयोग भाऊजींनाही सुचला नसता.

वसंत लागता लागता उषाला पायऱ्या चढवेनात. एका मंगळवारी मी एकटीच आत गेले आणि नसरीनला सांगितलं, ती गाडीत आहे, तिला उतरता येत नाही. नसरीननं खिडकीतून बाहेर पाहिलं. मॅनेजरकडे गेली. परत आली ती कोट घालूनच. माझ्याबरोबर बाहेर गाडीपर्यंत आली, दार उघडून उषाच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "आंटी, जितने बचे हैं, आज सब दे दीजिए. मैंने बात कर ली है." उषानं पिशवी तिच्या हातात दिली. त्यात थोडीच नाणी उरली होती. मी म्हटलं, "एक तरी ठेव गं. आठवण म्हणून."

"आठवण माझ्यापाशी आहे न," ती म्हणाली. "ती काही मृणालला उचलावी लागणार नाही."

नसरीन पावती घेऊन आली, तेव्हा उषाचा डोळा लागला होता. आम्ही तिला उठवलं नाही. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

मृणालनं दोन आठवड्यांची रजा काढली होती, घर आवरायला. कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, चिकटपट्टी, रिकामी खोकी, सगळं विकत घेऊन आली होती. मला म्हणाली, "मावशी, यू शुड नॉट लिफ्ट एनीथिंग, फक्त सोबत ये." आम्ही वरच्या खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघर पाहिलं, सगळं आवरलेलंच होतं, मग बेसमेंटमध्ये उतरलो, जिथे ती हिवाळाभर फिरकलीच नव्हती. तिनं दिवा लावला. मी त्या बेसमेंटमध्ये पूर्वी कितीदा गेले होते. पाय ठेवायला जागा नसायची. आता एका भिंतीला लाकडी फळ्या, त्यावर काही नाही. जमीन पुसलेली. एका कोपऱ्यात बर्फ काढायचं फावडं तेवढं उभं. मृणाल हातातली खोकी धरून तशीच उभी राहिली. तिनं एक फळी पाहिली, मग दुसरी, मग खाली वाकून तिसरी.

"देअर इज नथिंग लेफ्ट टू डू, मावशी," ती म्हणाली, आणि जमिनीवर बसून रडायला लागली. आईच्या मरणानंतर पहिल्यांदाच, असं तिनं मला नंतर सांगितलं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी होते. गुडघ्यामुळे मला खाली बसता येत नाही. थोड्या वेळानं ती उठली, लॉन्ड्रीच्या सिंकमध्ये एक फडकं ओलं केलं आणि ती स्वच्छ फळी पुसायला लागली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी दुसरं फडकं शोधलं, पिळून आणलं, आणि माझा हात पोचेल तेवढी वरची फळी पुसायला घेतली.