दावा नामंजूर करणारे आठल्येसाहेब

जळालेला, बुडालेला किंवा चोरीला गेलेला माल पाहिला की आठल्येसाहेबांचा पहिला प्रश्न असे, "मालकाने काय केलं होतं?" बहारीनमधल्या एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्याचं त्यांचं काम. सित्राच्या कारखान्यांच्या भागात एखादं गोदाम जळालं की मालक डोक्याला हात लावून बसलेला असायचा आणि साहेब वायरिंगचे फोटो काढत त्याला समजावत असायचे, की आग अशी उगाच लागत नाही. "आधी कारण, मग कळवळा," हे त्यांचं लाडकं वाक्य. कळवळ्याची वेळ सहसा यायचीच नाही.

हीच पद्धत त्यांनी जगाच्या राजकारणालाही लावली होती. शुक्रवारी सकाळी अदलिया भागात हसनभाई परकारांच्या घरी आम्हा मराठी मंडळींचा नाश्ता असायचा. इथल्या राजकारणावर बोलायचं नाही, ही अक्कल आम्हाला व्हिसाबरोबरच मिळते. त्यामुळे दूरच्या देशांबद्दल आम्ही अगदी निर्भीड असतो. एका देशाने दुसऱ्यात सैन्य घुसवणं योग्य ठरू शकतं का, हा साहेबांचा खास विषय, आणि उत्तर ठरलेलं: ठरतं, फक्त कारण समजून घ्यावं लागतं. ज्याच्यावर हल्ला झाला त्याने दार उघडं टाकलं होतं, शेजाऱ्याला डिवचलं होतं, नको त्याच्याशी सोयरीक केली होती. अमेरिका घुसली तरी त्यांना कारण सापडे, रशिया घुसला तरी सापडे. इतका निःपक्षपाती माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा कुवेतवरच्या हल्ल्याचा विषय निघाला. चिपळूणहून विशीत कुवेतला कारकुनी करायला गेलेले हसनभाई त्या वेळी तिथेच होते.

"साहेब, पहाटे उठलो तर खिडकीखाली रणगाडा. अंगावरच्या कपड्यांनिशी पळालो."

"तुम्हाला पार्श्वभूमी माहीत नव्हती, हसनभाई. तेलाचा वाद समजून घ्या आधी."

"वाद समजला असता तर रणगाडा गेला असता काय?" हसनभाईंनी विचारलं आणि साहेबांच्या ताटात आणखी एक घावन वाढलं.

मला राहवलं नाही. "म्हणजे कुठलाच हल्ला चूक नसतो?"

"ताई, तुम्ही बँकेत आहात. भावनेच्या आहारी जाऊ नका."

राग यायचा, पण माणूस आवडायचा. मी इथे नवीन आले तेव्हा माझ्या रेसिडेंट आयडीसाठी हेच साहेब रजा काढून माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले होते, ओळखदेख नसताना.

त्यांची एकुलती एक मुलगी ईशा युक्रेनमध्ये खारकीवला डॉक्टरकी शिकत होती. सीमेवर फौजा जमल्या, तेव्हा तिने तिकीट काढू का म्हणून विचारलं. साहेबांनी नाश्त्याच्या टेबलावर मीठदाणी आणि चमचे मांडून आम्हाला पटवून दिलं की हा नुसता दबाव आहे, हल्ला होणार नाही. "उगाच हजेरी बुडवू नकोस," असं तिला कळवलंही. मीठदाणी जागच्या जागी राहिली. फौजा आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. साहेब आले, पण खुर्चीच्या टोकाशी बसले. त्यांचा फोन वाजला तेव्हा हसनभाईंनीच तो स्पीकरवर टाकला. ईशा तिच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईंच्या तळघरात होती; त्यांना ती आजी म्हणे. बाबांशी जन्मभर इंग्रजीत बोललेली ही मुलगी त्या दिवशी अडखळत मराठी बोलत होती.

"बाबा, मराठीत बोलते. आजींना थोडं इंग्लिश कळतं, त्यांना हे कळायला नको. त्यांचा वरचा मजला गेला. मी त्यांना सांगितलं होतं ना, माझे बाबा कोणाची चूक ते शोधतात. तर त्या विचारतात, आमची काय चूक होती? काय सांगू मी त्यांना, बाबा?"

साहेबांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"काही चूक नव्हती म्हणून सांग," ते म्हणाले. "आणि बाळा, तू ये गं. कशीही ये."

आमच्या माहितीत त्यांनी मंजूर केलेला हा पहिला दावा.

ईशा आली. ट्रेन, मग बरंच चालणं, मग सीमेवरची रांग. विमानतळावर ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात आजींचा जाड लोकरी कोट होता. आजी मात्र आल्या नव्हत्या. "माझं घर आहे, मी का जाऊ?" असं त्या म्हणाल्या, हे ईशाने सांगितलं तेव्हा आठल्येसाहेब चारचौघांत हमसून रडले. सोबत गेलेल्या मलाही आवरलं नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी ते हसनभाईंच्या घरूनच आजींना फोन लावत. साहेब विचारत, "आजी, ओके?" पलीकडून उत्तर येई, "ओके, ओके." एवढंच. मग ते समाधानाने नाश्ता करत. कोणी युद्धाचा विषय काढून त्यांचं मत विचारलं, तर चहात साखर कमी आहे म्हणत.

एका शुक्रवारी फोन नुसताच वाजत राहिला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. घावनं गार झाली.

"साहेब, थोडं खाऊन घ्या," हसनभाई म्हणाले.

"आधी त्या उचलू देत."

आजींनी फोन उचलला नाही, त्या शुक्रवारी नाही आणि नंतरही नाही. पुढे साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले. ईशा सांगते, बाबा अजूनही दर शुक्रवारी सकाळी तोच नंबर लावून बसतात.