म्हशीचं औषध

तिळाचं तेल तापल्याचा वास आला की माझा हात आपसूक जबड्यावर जातोय. एका साली बायकोच्या छातीत गाठ आलती. राजारामपुरीतल्या डॉक्टरनं तुकडा तपासाय पाठवलाता, रिपोर्ट यायचा हुता. मी दिवसभर नकला करून तिला हसवाय बघायचो, ती नुसती चुलीकडं बघायची. एका सकाळी म्हणली, "अवो, झोपंत करकरा दात खाताय. गोठ्यात म्हस गप, आन् घरात तुमचं गुऱ्हाळ चालू." आता म्हस दात खाती ती पोटात जंत झाल्यावर, येवढं ज्ञान मला हुतं. मग काय, म्हशीचं जंताचं वावडिंग घेतलं, आन् मापबी म्हशीचंच घेतलं. सगळी सकाळ घरामागच्या परड्यात गेली. पोट रिकामं झालं, पर दात काय थांबलं न्हाईत. शेवटी तिनंच तिळाचं तेल कोमट केलं, मला उंबऱ्यावर बसवलं आन् जबडं हळूहळू चोळाय लागली. "जंत न्हाईत हे. दिवसा हसून दावताय, आन् जे बोलत न्हाई ते झोपंत चावताय. बोला की." तिची बोटं कानाखाली आली आन् माझं सोंग गळालं. म्हणलो, "लय भ्या वाटतंय गं. तुझ्याबिगर मला वावडिंगबी मापून खाता येत न्हाई." इतक्या नकलांवर एकदाबी न हसलेली बाई, डोळं पुसत खळखळून हसली. गाठ साधी निघाली. आजबी रात्री माझं दात करकरलं की ती सकाळी तेलाची वाटी तापवती आन् इचारती, "बोला, काय गिळलंय?"